पाहुण्यांसाठीची पट्टी

दामूमामांनी घातलेलं प्लास्टर रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू यायचं. त्यावर निळ्या मार्करने तीन ओळी लिहिलेल्या असायच्या. पहिल्या ओळीत प्लास्टर घातल्याची तारीख, दुसरीत काढायची तारीख, आणि तिसरीत, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, "चोळू नये." पेशंट सिंधी असला तर "मालिश मना है." उल्हासनगरच्या कापडबाजारात, अंबरनाथ पूर्वेला भाजी घेताना, बदलापूरच्या लग्नात जेवणाच्या रांगेत मला अशी प्लास्टरं दिसली आहेत. दरवेळी मी मनात टीक केली आहे : हे आमचं.

आमचं म्हणजे उल्हासनगरातलं हाडांचं एक लहान हॉस्पिटल. बारा खाटा, एक डॉक्टर, आणि जिन्याखाली प्लास्टरची खोली. मी तिथली व्यवस्थापक. कोणाचे टाके कधी निघणार, कापूस किती उरला, कोण तारखेला आलं नाही, या सगळ्याच्या याद्या ठेवणं हे माझं काम आणि, घरचे म्हणतात, माझा स्वभावही. दामूमामा, म्हणजे दामोदर भोईर, खरवईचे, आमचे प्लास्टरवाले. माझी एकही यादी त्यांनी आपणहून वाचली नाही. पण त्यांच्या हातून सुटलेला पेशंट माझ्या यादीत 'तक्रार' या रकान्यात क्वचितच आला.

त्यांचा स्वतःचा उजवा कोपर काटकोनात अडकलेला होता. ना मिटायचा, ना उघडायचा. जेवण, चहा, दाढी सगळं डाव्या हाताने. सकाळी यायचे ते त्या काटकोनावर डब्याची पिशवी आणि छत्री अडकवून. म्हणायचे, "देवानं मना अंगाबरोबर खुंटी दिली हाय." मोडलेला पाय उचलून धरायला तो हात फार उपयोगी पडे, पाय त्या बेचक्यात ठेवायचा आणि डाव्या हाताने भराभर ओली पट्टी गुंडाळायची. नवा पेशंट मात्र दचकायचा. एकदा एक बाई तोंडावरच म्हणाल्या, "अहो, प्लास्टरवाल्याचाच हात वाकडा?"

मामा बादलीत पट्टी बुडवून बुडबुडे थांबायची वाट बघत होते. मान वर न करता म्हणाले, "न्हाव्याला पन टक्कल असतं, बाय. म्हनून तो दुसऱ्याचे केस वाईट कापतो का?"

पेशंटला समजावून सांगायची त्यांची एक पद्धत होती. डॉक्टर एक्स-रेचा फोटो दाखवून रेषा, कोन सांगायचे, लोक माना डोलवायचे आणि मग जिन्याखाली येऊन मामांना विचारायचे, "नक्की काय झालंय?" मामा सांगायचे, "हाड शहाणं असतं. त्याला दोन टोकं जवल आनून द्या, आपलं आपन सिमेंट ओततं नि जुलतं. मी फक्त पहारेकरी. खरी कटकट सांध्याची. सांधा रुसतो. सहा आठवडे त्याच्याशी बोललं नाय, का तो सहा म्हयने बोलत नाय." प्लास्टर काढल्यावर आतून बारीक झालेला हात बघून माणसं घाबरतात. त्यांना म्हणायचे, "मास म्हंजे कामगार. कंपनी बंद झाली, गावाला गेला. काम सुरू करा, पुढच्या गाडीनं येतोय."

मनगटाचं प्लास्टर असलं की बोटं हलवत राहायला लागतात, नाहीतर ती लाकडासारखी होतात. "दिवसातून इतक्या वेळा बोटं हलवा" असा छापील कागद मी तयार करून घेतला होता. लोक त्यात वडापाव बांधून न्यायचे. मामांनी वेगळा मार्ग काढला. एका सिंधी आजीचं उजवं मनगट मोडलं होतं. सगळे तिला दादी म्हणायचे. तिचं दुखणं मनगटाचं कमी आणि जपमाळ धरता येत नाही याचं जास्त. मामा म्हणाले, "दादी, माला रख दो. अंगूठा एक एक पेर पे लगाओ, हर पेर पे एक नाम."

"प्लास्टर में नाम चलता है?"

"नाम को क्या, लोहे में भी चलेगा."

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तेव्हा दादीची बोटं तबलजीसारखी चालत होती. तिने मामांच्या डोक्यावर टपली मारली. "पुट, तेरे चक्कर में इतना नाम लिया, ऊपर मेरी सीट पक्की हो गई. अब जल्दी बुलावा आया तो तू ज़िम्मेदार!" तेव्हापासून मनगटाच्या प्रत्येक पेशंटला हाच जप. देव न मानणारे एक कामगार पुढारी होते, त्यांनी प्रत्येक पेराला आपल्या एकेका साहेबाचं नाव घेऊन शिवी घातली. त्यांची बोटंही छान सुटली.

आता पट्टीची गोष्ट.

महिनाअखेरीला मी साठा मोजते. एकदा लक्षात आलं की ताणाच्या पट्ट्या, मुरगळलेल्या पायाला बांधतात त्या, हिशेबापेक्षा बऱ्याच जास्त संपत आहेत. मुरगळलेले पाय तर तेवढे आलेच नव्हते. मी वही घेऊन जिन्याखाली गेले.

"मामा, पट्ट्या कोण खातं?"

"पावने," मामा म्हणाले.

मग त्यांनी मला खाली बसवलं आणि सांगितलं. प्लास्टर अंगावर आहे तोवर हाताला कोणी हात लावत नाही. ते निघालं की दुसऱ्या दिवसापासून माणसं वाटी घेऊन येतात. मावशी खोबरेल आणते, सासरा मोहरीचं तेल, शेजारीण लसूण कढवून. हात चोळतात, ओढतात, "थोडं सोस" म्हणतात. बाकीच्या हाडांचं यातून एकवेळ निभावतं, कोपराचं नाही. कोपराजवळचं फाटलेलं मांस चोळलं की आत पुन्हा रक्त साकळतं, आणि शरीराचा गैरसमज होतो. त्याला वाटतं इथे हाड हवं आहे. मग मांसातच हाड तयार होतं आणि सांधा कुलूप लावल्यासारखा बंद. फोटोत ते पिंजलेल्या कापसासारखं पांढरं दिसतं.

"तेल घेऊन येनारा मानूस दुश्मन नसतो ना, मॅडम. दुश्मनाला दारातनं हाकलता येतं. मावशीला कसं हाकलनार? म्हनून मी कोपराला पट्टी बांधून देतो. औषध म्हनून नाय. पट्टी बघितली की पावना हात लावत नाय. पट्टीवर तेल कोन ओतनार?"

डॉक्टरांना हे पटत नव्हतं. "बांधलेला हात माणूस हलवत नाही, मामा," ते म्हणायचे. मामांचं उत्तर तयार असे : "मी सांगतो ना त्यांना. रोज चार वेला सोडा, हात वाकवा, परत बांधा." आणि खरंच ते प्रत्येकाला सांगायचे. मी वहीत नवा रकाना आखला : पट्टी, पाहुण्यांसाठी.

त्याच पावसाळ्यात हेमा आली. पालेगावच्या चाळीत राहणारी, तिशीतली, उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसणारी. पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना घसरली आणि उजवा कोपर निखळला. डॉक्टरांनी तो बसवला, मामांनी तीन आठवड्यांचं कच्चं, म्हणजे एकाच बाजूचं, प्लास्टर बांधलं. ते काढायच्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दोनदा खोलीत डोकावून म्हटलं होतं, "मामा, बाहेर नऊ जण आहेत." मामांनी प्लास्टर काढलं, कोपराला पट्टी बांधली, म्हणाले, "ही सोडायची नाय हां कोनासाठी," आणि पुढच्याला आत घेतलं.

दहा दिवसांनी ती यायला हवी होती. आली नाही. मी फोन केला तर सासूने सांगितलं, मुरबाडकडे माहेरी गेली आहे, हात एकदम बरा आहे. मी टीक केली.

ती आली गणपती झाल्यावर, सहा आठवड्यांनी. कोपराला तीच पट्टी, स्वच्छ धुतलेली, आणि गळ्यात झोळी. चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू.

"मामा, एकदासुद्धा हात मोकळा सोडला नाही. पट्टी धुवायला काढली तरी आई हात धरून बसायची, हलू नये म्हणून. काकू तेल घेऊन आलेली, तिला पण परत पाठवली. फोन करून विचारा आईला!"

मामांनी पट्टी सोडली. "वाकव, बाय."

हेमाने दात आवळले. हात चार बोटं हलला आणि थांबला. सरळ करायला सांगितलं, तेवढाच परत गेला. मामांचा हात तिथेच तिच्या मनगटाखाली राहिला. मी दारात होते.

"असाच राहणार का?" हेमाने विचारलं. मग एकदम सगळं बोलून गेली. "शेठने मशीन रिकामी ठेवलीय माझ्यासाठी. बोलला, हेमा, संक्रांत तक रुकता हूँ, फिर माल निकालना है. माझ्यामागे तीन पोरी लाइन लावून उभ्या आहेत, मामा. आणि घरात तर... भाकरी सासू थापते, केस नणंद विंचरते. घाससुद्धा डाव्या हाताने." तिने मामांच्या कोपराकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली वळवली.

डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला. फोटो येईपर्यंत मामा जिन्याखाली पट्ट्यांच्या घड्या घालत बसले. सगळ्या आधीच घातलेल्या होत्या, त्या मोडून पुन्हा घातल्या. फोटोत कापसासारखं पांढरं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हाड वाढलेलं नाही. सांधा जाम झाला आहे, पण सुटू शकतो. ओढाताण मात्र अजिबात नाही. किती सुटेल ते आत्ता सांगता येत नाही."

"चूक माझी हाय, साहेब," मामा म्हणाले. डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. बोलण्यासारखं ते आधीच बोलून झालं होतं.

मग मामा हेमासमोर स्टूल ओढून बसले. "बाय, नीट ऐक. तुझी चूक नाय. मी तुला अर्धंच सांगितलं. पट्टी सोडून हात हलवायचा, हे सांगायला पायजे व्हतं, ते राहिलं. तू सांगितलं ते सगलं केलंस."

"जाऊ द्या ना मामा, तुम्ही मोठी माणसं..."

"जाऊ द्या नाय. बोल, कोनाची चूक?"

हेमा अवघडली. "तुमची," ती हळूच म्हणाली, आणि मग रडली.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, त्या दिवशी गर्दी होती, घाई मी केली होती, पेशंटकडून तसं वदवून कशाला घ्यायचं? मामा चहाचा कप डाव्या हाताने फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं.

नऊ वर्षांचे असताना ते पेंढ्याच्या उडवीवरून पडले. कोपर सुजला. आईने उजाडायच्या आधी उठून, चूल पेटवून, तेल कोमट करून रोज हात चोळला. ते ओरडायचे, आई रडायची आणि चोळायची. हात अडकत गेला तशी ती अजून जोराने चोळू लागली. पुढे हॉस्पिटलात लागल्यावर जुन्या डॉक्टरांनी त्यांचा फोटो काढला आणि काय झालं होतं ते समजावलं.

"आय तवा जिवंत व्हती. तिला आखेरपर्यंत वाटायचं, आपलं चोलनं कमी पडलं. आजून म्हयनाभर चोललं असतं तर पोराचा हात सुटला असता. मी तिला काय सांगू? तुझ्या मायेनंच वाकडा झाला? नाय सांगितलं. ते बरोबर केलं का चूक, मना आजून कलत नाय. पन ही पोर जन्मभर सवताला बोल लावत बसंल, ते नको."

दुसऱ्या दिवसापासून ओपीडी संपली की मामा अंबरनाथला उतरून पालेगावला जायचे आणि मग पुढे घरी. सुट्टीच्या दिवशीही. मी कोन मोजायचा तक्ता करून दिला होता, अंशांच्या रकान्यांसह. मामांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हेमालाच विचारून लिहिलं : मंगळसूत्र, घास, कुंकू, कानातलं, अंबाडा. हात तिथवर पोचला की खूण. गरम पाण्याचा शेक, मग हेमाने आपला आपण हात वाकवायचा, दुखायला लागेल तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, परत. मामा हात लावायचे नाहीत, नुसते समोर बसायचे. तिची सासू बघून बघून वैतागली.

"असं गोंजारून काय होणार? जरा जोर लावते ना मी!"

"मावशी, जोर जास्त झाला असंल तर ह्या हाताला लावा," म्हणत मामांनी आपला काटकोन पुढे केला. "पन्नास वर्षं उभा हाय. तुमच्यानं हलला तर तुम्हाला साडी."

दसऱ्यापर्यंत मंगळसूत्र झालं. घास काही होईना. हात हनुवटीच्या वीतभर खाली अडायचा. आणि दिवाळीच्या साफसफाईत हेमाने त्याच हाताने भरलेली बादली उचलली. कोपर सुजला, गरम झाला. मामांचा मला फोन आला, तेव्हा आवाज ओळखू येईना. "मॅडम, उद्या सकाली पहिला नंबर हिचा लावा." मी यादीतली दोन नावं खाली सरकवली. फोटो निघाला. डॉक्टरांनी तो प्रकाशात धरला, इतका वेळ धरला की मीच म्हटलं, "साहेब?"

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

मामांनी दोन दिवस तिला पूर्ण विश्रांती दिली आणि परत मंगळसूत्रापासून सुरुवात केली. दिवाळी झाल्यावर तिने स्वतःच्या हाताने पहिला घास घेतला. चपाती कोरडीच होती, भाजीपर्यंत धीर नव्हता. मग कुंकू. मग कानातलं, त्याला तीन आठवडे गेले. संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी ती हॉस्पिटलात आली ती कारखान्यातून परस्पर. पुन्हा मशीनवर बसू लागली होती, खांद्यावर निळे धागे चिकटलेले.

मामा म्हणाले, "पाठ फिरव." अंबाडा जरा डावीकडे कललेला होता.

"कोनी घातला?"

"मीच. वाकडा झालाय."

"असू दे," मामा म्हणाले, आणि तक्त्यावर शेवटची खूण करायला पेन माझ्याकडे दिलं. हेमाचा हात पूर्ण सरळ काही झाला नाही, थोडा बाक राहिला. "मशीनवर कोण हात ताणून बसतं?" ती म्हणाली आणि कामावर परत गेली.

मामांनी पाहुण्यांची पट्टी त्यानंतर कोणाला बांधली नाही. प्लास्टर काढताना ते एकच प्रश्न विचारायचे : "घरी तेल कोन लावनार?" आधी लोक लाजायचे, मग एखादं नाव निघायचं. "त्यांना घेऊन या. त्याशिवाय प्लास्टर काढनार नाय." मग मावश्या, सासरे, शेजारणी जिन्याखाली येऊन बसायच्या. मामा त्यांना हाताला न लावता करायचं काहीतरी काम द्यायचे, शेक देण्याचं, वेळ सांगण्याचं, घास मोजण्याचं. मला पेशंटबरोबर पाहुण्यांचीही वेळ लावून द्यावी लागायची. ती यादी फार गोंधळाची असे, पण मी ती मन लावून केली.

मामा निवृत्त झाले. एका कागदावर त्यांची सही राहिली होती, म्हणून एका रविवारी मी खरवईला गेले. आजूबाजूला नव्या इमारती, मधे त्यांचं बैठं घर. अंगणात पाच-सहा बायका चटईवर बसल्या होत्या. आसपासच्या गावांतल्या, मालीश करणाऱ्या. बाळंतिणीला, लहान मुलांना, दुखऱ्या पाठीला तेल लावणाऱ्या. मामांनी त्यांना निरोप पाठवून बोलावलं होतं. हेमाही आली होती. आपला हात वाकवून, सरळ करून दाखवत होती, आणि मामा सांगत होते, हिचा हात मी कसा बिघडवला, आणि न चोळता कसा सुटला.

सगळ्यांत पुढे गोमाकाकी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या, पण हात मोठे. मामांनी सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर त्यांच्या मांडीवर ठेवला. "बग काकी, बोटांनी बग. मास कुठं संपतं नि हाड कुठं लागतं."

काकींनी डोळे मिटले. बोटं कोपराभोवती हळूहळू फिरली, एका जागी थांबली, परत मागे आली.

"हा इथं... इथं हाड नसतंय," त्या म्हणाल्या.

"नसतंय."

त्यांची बोटं तिथेच राहिली. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "दामू, तुझ्या आयला तेल कोमट करून चोल असं मीच सांगितलेलं."

हेमाने माझ्याकडे पाहिलं. मामांनी कोपर मागे घेतला नाही.

"म्हाईत हाय, काकी. तवा कोनाला काय म्हाईत व्हतं?"

मामा चटईवर वळले आणि काकींकडे पाठ करून बसले. "हा डावा खांदा," ते म्हणाले, "सगलं काम ह्यानंच केलंय जलमभर. फार दुखतो. ह्याला चोललं तर चालतं. चोल."

काकींनी वाटीतलं तेल तळहातावर घेतलं. मी कागद पिशवीतच ठेवला आणि फाटकाशी उभी राहिले. मामांची मान हळूहळू खाली गेली. "आजून जरा वर," ते म्हणत होते, "हां. तिथंच."